तात्यांच्या लेन्सचं वजन गेलं कुठे? गुहागरच्या एका पाचशे एमएमची केस

गुहागरला आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तेवढंच म्हणू. पक्ष्यांचे फोटो काढतात, बरीच वर्षं काढतायत. त्यांच्याकडे निकॉनची ५०० एमएम एफ/४ होती, ती २००७ ची जी व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय), सेकंडहँड घेतलेली. नुसती लेन्स ३८८० ग्रॅम, मागे डी५०० कॅमेऱ्याची बॉडी ८६० ग्रॅम, म्हणजे पावणेपाच किलोचं धूड, आणि ते पाठीला मारून माणूस स्कूटरवरून धोपाव्याला जाणार, तिथून फेरीबोटीने दाभोळ, नाहीतर होडी ठरवून वाशिष्ठीच्या खाडीत आत. मग एका हिवाळ्यात उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले वजन उचलणं बंद, काकू म्हणाल्या लेन्स विकून टाका, आणि तात्यांनी मला फोन करून विचारलं, "अरे, त्या दीड किलोच्या पाचशे निघाल्यात म्हणतात, त्या खऱ्या पाचशे आहेत का नुसती धूळफेक?"

प्रश्न एकदम बरोबर होता. कारण "नवीन टेक्नॉलॉजीने लेन्स हलक्या झाल्या" असं जो तो म्हणतो, पण त्यातलं किती टेक्नॉलॉजीने झालं आणि किती आपण गुपचूप काहीतरी सोडून दिल्यामुळे झालं हे कोणी सुटं करून सांगत नाही. तात्यांच्या निमित्ताने ते केलं, म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

आधी त्यांची गरज काय ते बघा. खाडीत ओहोटीला खाजण उघडं पडतं, तिथे किनारी पक्षी चरायला उतरतात, तिवरांच्या कडेला खंड्या, बगळे, कधी चिखलात पसरलेली मगर (वाशिष्ठीतल्या मगरी बघायला हल्ली होड्याच जातात). हे सगळं होडीतून. आणि होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, मशीन चालू असलं की फळ्यांची थरथर सरळ पायातून वर लेन्समध्ये येते आणि मशीन बंद केलं तरी होडी डोलतेच, त्यामुळे लेन्स हातातच धरायची, कोपर गुडघ्यावर टेकवून. दुसरं काम किनाऱ्यावरचं, कुरव, सुरय, ब्राह्मणी घारी. आणि तिसरं, तात्यांच्या जिवाभावाचं, समुद्र गरुड. उंच झाडावर घरटं असतं, थंडीत जोडी ये-जा करते, आणि शहाणा माणूस घरट्याखाली जाऊन उभा राहत नाही. लांबूनच काढायचा. म्हणजे "जरा पुढे जा की" हा सल्ला इथे बाद, फोकल लेंग्थ, म्हणजे लांबचं जवळ आणायची ताकद, पाहिजेच.

ऑप्शन चार होते, निकॉन माउंटमध्येच (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स जिथे बसते तो सांधा), कारण बॉडी बदलायची नव्हती. एक, त्याच ५०० एफ/४ चं २०१५ चं फ्लोराइटवालं मॉडेल, ३०९० ग्रॅम. दोन, २००-५०० एफ/५.६ झूम, ट्रायपॉडला लावायची कॉलर धरून २३०० ग्रॅम. तीन, २०१८ ची ५०० एफ/५.६ पीएफ (फेज फ्रेनेल, ते काय ते पुढे येतंच), १४६० ग्रॅम. चार, ३०० एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅमची आणि तिला मागून लावायचा, फोकल लेंग्थ १.४ पट करणारा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे ४२० एमएम एफ/५.६ आणि सगळं मिळून किलोच्या आत. चौथा ऑप्शन मला स्वतःला फार आवडतो पण गरुडासाठी ४२० कमी पडतं, तात्या ऐकायला तयार नव्हते आणि त्यांचं बरोबर होतं. झूमही लवकर बाद झाला. लेन्स वाईट नाही, पण २३०० ग्रॅम हे खांद्याच्या दृष्टीने धड ना इकडचं ना तिकडचं, त्यात झूम केल्यावर नळी पुढे येते आणि तोल अजून पुढे जातो.

आता मुद्द्याचं गणित. लेन्सचा एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले आत जाणाऱ्या प्रकाशाच्या भोकाचा व्यास. ५०० ला ४ ने भागा, १२५ मिलिमीटर. ५.६ ने भागा, ८९ मिलिमीटर. टेलिफोटो लेन्समध्ये समोरचं भिंग निदान या व्यासाएवढं असावंच लागतं, यातून कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही इंजिनियरला सुटका नाही, आज नाही आणि पन्नास वर्षांनी पण नाही. म्हणजे एफ/४ ची एफ/५.६ केली की समोरची काच पाव हिश्श्याहून जास्त लहान होणार, तिचं क्षेत्रफळ निम्मं होणार, आणि ही घट कुठल्याही शोधाशिवाय फुकट मिळते. फुकट म्हणजे एक स्टॉप देऊन, आत येणारा प्रकाश निम्मा करून.

मग तात्यांच्या लेन्सपासून १४६० पर्यंत आपण २४२० ग्रॅम उतरलो, त्याचे भाग पाडू. ३८८० वरून ३०९० हे ७९० ग्रॅम खरे कमावलेले आहेत, कारण फोकल लेंग्थ तीच, एफ/४ तेच, समोरचा व्यास तोच. इथे फ्लोराइटचा मोठा हात आहे. कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक हा, लेन्समध्ये वापरायला कृत्रिमरीत्या वाढवावा लागतो, कॅननने १९६९ लाच ३०० एमएम एफ/५.६ मध्ये तो वापरला होता. रंग फाटण्याचा दोष याच्यात फार कमी आणि वजनालाही हलका, त्यामुळे जिथे दोष झाकायला जड काचा लागायच्या तिथे काम हलक्यात होतं. पण स्फटिक नाजूक, ओरखडा लवकर पडतो, तापमानाचा झटका सोसत नाही आणि बनवायला महाग. २०१५ च्या त्या लेन्सची अमेरिकेतली किंमतच लाँचला जवळजवळ १०३०० डॉलर होती, पीएफची ३६००. तात्यांनी आकडा ऐकून पुढचं काही विचारलंच नाही.

राहिले १६३० ग्रॅम. यातले पीएफ या जादूचे किती? मी ढोबळ हिशोब केला, तुम्हीही करून बघा. ३०९० ग्रॅमची लेन्स जशीच्या तशी, तेवढीच लांब, पण क्षेत्रफळाने निम्मी केली तर साधारण १६०० ग्रॅमच्या आसपास येते. मोटर, माउंट, व्हीआर हे काही निम्मं होत नाही, त्यामुळे अंदाज अंदाजच आहे, पण दिशा दिसते. म्हणजे त्या १६३० मधला बहुतेक भाग एक स्टॉप सोडल्याचा आहे, पीएफचा नाही!

मग पीएफने केलं काय? लांबी खाल्ली. फ्लोराइटवाली एफ/४ (एफएल) ३८७ मिलिमीटर लांब आहे, पीएफ २३७. सरळ दीडशे मिलिमीटर कमी म्हणा ना. आणि खांद्याला नुसतं वजन जाणवत नाही, ते शरीरापासून किती लांब आहे हे जाणवतं. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढ चढता येतो, तीच हात लांब करून धरा बघू. त्यामुळे लहान लेन्सचा आराम हा वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त असतो, आणि स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात तो कुठेच लिहिलेला नसतो.

लांबी कशी खाल्ली हे समजून घेण्यासारखं आहे. टेलिफोटोत पुढचा गट प्रकाश गोळा करून आत वळवतो आणि मागचा गट तो थोडा परत पसरवतो, त्यामुळे ५०० एमएमची लेन्स प्रत्यक्षात ५०० मिलिमीटरपेक्षा आखूड बनते. पुढचा गट जितका जोरकस तितकी लेन्स आखूड, आणि मागची भिंगं पण लहान, कारण प्रकाशाचा शंकू लवकर निमुळता होतो. मग सगळे आधीपासून असं का करत नव्हते? कारण काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते, आणि पुढचा गट जोरकस केला की हा फरक पण फुगतो, पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसायला लागते. ती घालवायला अजून भिंगं, म्हणजे परत वजन. इथे पीएफ येतं. पीएफच्या एलिमेंटवर, म्हणजे त्या एका भिंगावर, अतिशय बारीक वर्तुळाकार खाचा असतात, मिलिमीटरच्या छोट्या अंशाच्या, आणि त्या प्रकाशाला वळवतात पण काचेच्या उलट क्रमाने, लाल जास्त आणि निळा कमी. दोन उलटे दोष एकमेकांना खातात. थोडासाच जोर असलेलं असं एक एलिमेंट बसवलं की पुढचा गट बिनधास्त जोरकस करता येतो.

कॅनन हेच काम डीओ नावाने करतं, २००१ ची ४०० एमएम एफ/४ डीओ होती १९४० ग्रॅमची. आणि हो, पीएफमधलं फ्रेनेल नाव ऐकून तात्या लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या दीपगृहात असते तशी कड्याकड्यांची काच?" नाव त्याच माणसाचं आहे, ऑगस्तँ फ्रेनेल, त्याचं भिंग १८२३ ला फ्रान्समध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा लागलं. पण दीपगृहातली कडी ही जाडी कमी करायची युक्ती आहे, तिथे प्रकाश साध्या काचेसारखाच वळतो. लेन्समधल्या खाचा इतक्या बारीक की तिथे प्रकाशाचं लाटांसारखं वागणं कामाला येतं. दिसायला भावंडं, कामाची रीत वेगळी.

पीएफचं खरं कौतुक बघायचं तर ५०० मध्ये नाही, ३०० मध्ये बघा. जुनी ३०० एफ/४डी १४४० ग्रॅम, १० एलिमेंट, व्हीआर नाही. २०१५ ची ३०० एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅम, १६ एलिमेंट, वर व्हीआर. फोकल लेंग्थ तीच, एफ/४ तेच, भिंगं वाढली आणि वजन जवळजवळ निम्मं! (जुनीचं अंग सगळं धातूचं होतं, थोडं वजन तिथेही गेलं, हे मान्य.) तसंच ८०० एमएममध्ये, २०१३ ची एफ/५.६ एफएल ४५९० ग्रॅम आणि २०२२ ची एफ/६.३ पीएफ २३८५ ग्रॅम, इथे फक्त एक तृतीयांश स्टॉप सोडलाय आणि अर्ध्याच्या जवळपास वजन गेलंय. आणि पीएफशिवायही होतं बरं का, कॅननची ४०० एफ/२.८ बघा, १९९९ ला ५३७० ग्रॅम, २०१८ ला २८४०. एफ/२.८ ला धक्का नाही. तिथे जड भिंगं पुढून उचलून मागे नेली, शंकू जिथे निमुळता होतो तिथे, मग ती आपोआप लहान झाली आणि तोल पण हाताकडे आला. समोरची काच लहान करता येत नाही हे खरं, पण तिच्या मागचं सगळं करता येतं, गेल्या पंचवीस वर्षांतली बरीचशी प्रगती तिथेच झालीय असं माझं मत.

आता तात्यांचं पुढे काय झालं. एका ओळखीच्या पोराची पीएफ दोन-चार दिवस मागून घेतली आणि खाडीत गेले. सकाळचं काम झकास. शार्पनेसबद्दल मी काही बोलत नाही, मोठ्या स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर तात्यांनाच ओळखता येईना. उडणाऱ्या घारीमागे लेन्स फिरवणं, जे ३८८० ग्रॅमला हातात जवळजवळ अशक्य होतं, ते आता होत होतं, आणि माझ्या मते त्यांना जे नवीन फोटो मिळाले ते लेन्सच्या काचेमुळे कमी आणि लेन्स वेळेवर वर उचलली गेली म्हणून जास्त.

घोळ संध्याकाळी झाला. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय, संध्याकाळी सूर्य समुद्रात आणि खाडीच्या मुखाकडे बघितलं की पाणी नुसतं चमचम करतं. तात्यांना तेच आवडतं, सोनेरी पाण्यावर काळ्या आकृती. आणि नेमकं तिथेच खाचांचं एलिमेंट हात दाखवतं. खाचा सगळा प्रकाश हव्या त्या दिशेला पाठवू शकत नाहीत, थोडा इकडेतिकडे निसटतो, एरवी दिसत नाही, पण सूर्य फ्रेममध्ये किंवा जरा बाहेर असला की रंगीत गोलसर फ्लेअर येतो आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. शिवाय पाण्यावरच्या चमकणाऱ्या ठिपक्यांचे जे धूसर गोळे मागे होतात त्यात कांद्याच्या चकतीसारख्या रिंगा. निकॉनच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएफ फ्लेअर कमी करायची सोय आहे, दिव्यासारख्या एकट्या प्रकाशाला ती बऱ्यापैकी लागू पडते, अख्ख्या चमचमत्या खाडीला नाही.

दुसरं, एक स्टॉप. सूर्य टेकल्यावर जिथे एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदना) १६०० चालायचं तिथे आता ३२००, जिथे ३२०० तिथे ६४००. डी५०० चा सेन्सर लहान, ६४०० ला दाणे दिसतात. आजकालचं डीनॉइज सॉफ्टवेअर यातलं बरंच झाकतं, आणि खरं सांगायचं तर एफ/५.६ च्या लेन्सला बाजारात किंमत आली ती निम्मी या सॉफ्टवेअरमुळे आणि सुधारलेल्या सेन्सरमुळे. फिल्मच्या काळात कोणी दीड किलोची एफ/५.६ हौसेने घेतली नसती. मागचं धूसर होणं पण थोडं कमी होतं, १२५ च्या जागी ८९ मिलिमीटरचं भोक म्हटल्यावर होणारच, पण गरुड आकाशात असतो, आकाश काय धूसर करायचं.

टेलिकन्व्हर्टर लावून ७०० एफ/८ करू असं तात्यांच्या डोक्यात होतं. ते मी सोडायला लावलं. डी५०० एफ/८ ला मोजक्याच पॉइंटवर फोकस करतो, उडत्या पक्ष्याला ते पुरत नाही, आणि दुपारी तापलेल्या खाजणावरून हवा इतकी थरथरते की ७०० काय आणि ५०० काय, चिखलापलीकडचा पक्षी उकळत्या पाण्यात बघितल्यासारखाच येणार.

निर्णय असा झाला. पीएफ घेतली, सेकंडहँड. कारण तात्यांच्या फोटोंतले बहुतेक सकाळचे, आणि सकाळी सूर्य सह्याद्रीकडून येतो, समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की प्रकाश पक्ष्याच्या अंगावर, फ्लेअरचा प्रश्नच नाही. संध्याकाळच्या आकृत्यांसाठी त्यांच्याकडे जुनी ७०-३०० पडून होती, तिच्यात खाचाबिचा काही नाहीत, आणि सूर्यबिंबासमोर होडी काढायला ५०० लागतही नाही. मोठी एफ/४ विकली एकाला जो आडोशात ट्रायपॉड लावून तासन्‌तास बसतो, होडीत पाय ठेवत नाही. त्याला ३८८० ग्रॅमचं काही वाटत नाही आणि पहाटेच्या अंधारात तो एक स्टॉप त्याला सोन्यासारखा. त्याला मी पीएफ घे असं कधीच सांगितलं नसतं.

एक फायदा कोणीच धरला नव्हता तो पावसाळ्यात कळला. कोकणात लेन्सचा खरा शत्रू आपटणं नाही, बुरशी. चार महिने हवा ओली, बॅगेत ठेवलेली लेन्स जून-जुलैत काढून बघितली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी, आणि ती कोटिंग खाते, नंतर साफ केली तरी डाग राहतो. मोठी लेन्स तिच्या ट्रंकेत असायची, ट्रंक कपाटात मावायची नाही, बल्ब लावलेल्या कपाटात तर नाहीच. २३७ मिलिमीटरची लेन्स धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट बसते, बाहेरून हवेतला ओलावा मोजायचं छोटं मीटर दिसेल असं ठेवायचं, ४० ते ५० टक्क्यांत राहिलं की झालं. काकूंचा एक डबा गेला तेवढाच.

आता परत प्रश्न आलाय की मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला तर लेन्स अजून हलकी होईल का. याचं उत्तर दुकानात चुकीचं देतात म्हणून लिहितो. मिररलेसमध्ये माउंट आणि सेन्सरमधलं अंतर कमी होतं, निकॉनचं ४६.५ वरून १६ मिलिमीटर झालं. याचा फायदा वाइड अँगलला, तिथे मागचं भिंग सेन्सरला चिकटवता येतं. पाचशे एमएमला त्या ३०.५ मिलिमीटरचं काय करायचं, ती जागा रिकामीच लागते. तात्यांची पीएफ निकॉनच्या मिररलेसला, म्हणजे झेड बॉडीला, लावायची तर मधे एफटीझेड अडॅप्टर येतो, तो म्हणजे तेवढ्याच जाडीची भिंग नसलेली कडी.

मिररलेसचा खरा फायदा दुसरीकडून येतो. फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे बारीक अॅपर्चरला (भोकाला) पण चालतो, म्हणून तर कॅननला २०२० मध्ये ६०० एमएम एफ/११ ही ९३० ग्रॅमची लेन्स काढायची हिंमत झाली, आरसेवाल्या डीएसएलआरवर ती धड फोकसच झाली नसती. ६०० ला ११ ने भागा, ५५ मिलिमीटर. हलकी का झाली ते तिथेच कळतं, थोडं डीओ, बाकी भोक. कोकणातल्या भर दुपारी चालेल, खाडीतल्या सहा वाजता नाही.

आणि पीएफच पाहिजे असंही आता राहिलेलं नाही. सिग्माने २०२४ मध्ये ५०० एफ/५.६ आणली, खाचांचं एलिमेंट नाही, फक्त विशेष काचा, तरी वजन १३७० ग्रॅमच्या आसपास आणि लांबी पीएफएवढीच. रिंगांचा प्रश्नच मिटला. पण ती सोनी आणि एल माउंटलाच येते, निकॉनला नाही. निकॉनच्या झेडमध्ये तात्यांसाठी आहे ती २०२३ ची ६०० एफ/६.३ पीएफ, १४७० ग्रॅम, ६०० ला ६.३ ने भागलं की ९५ मिलिमीटर, म्हणजे भोक त्यांच्या आत्ताच्या लेन्सपेक्षा थोडं मोठंच आणि वजन फक्त १० ग्रॅम जास्त. शंभर एमएम जवळजवळ फुकट. गरुडासाठी मस्त, संध्याकाळच्या चमचमत्या पाण्याला परत तोच त्रास. बॉडी आणि लेन्स दोन्हीचे पैसे एकदम काढायचे म्हणून तात्या थांबलेत, डी५०० चं शटर चालतंय तोवर पीएफ त्यावरच.